मोरीबाई

आई-वडिलांना सोडून मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन, तर नोरा मोरी यांचा. त्या आयर्लंडच्या, त्यांचा नवरा जपानी, आणि मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा. आमची गाठ पडायचं खरं तर काही कारण नव्हतं. आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत आणि चिबाच्या किनाऱ्याजवळच्या एका वृद्धाश्रमात राहतात. मी नागोयात असतो. गेल्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं. चारच ओळी. पहिल्या तीन ओळींत तिथल्या जेवणाबद्दल तक्रार होती. चौथीत लिहिलं होतं : "मला एकदा मॉरीनच्या थडग्यापाशी जायचं आहे. डॉक्टर म्हणतात, सोबत माणूस असेल तरच विमानात बसा. तू येशील का? कृपा करून 'हो' लिहू नकोस."

मॉरीन ही त्यांची धाकटी बहीण. ती आयर्लंडमध्येच राहिली आणि तिथेच गेली. 'हो लिहू नकोस' म्हणजे 'येऊ नकोस' असं मात्र नाही. त्याचा अर्थ सांगायचा तर मोरीबाईच सांगाव्या लागतील.

जपानातल्या त्या मोठ्या भूकंपानंतर सात महिन्यांनी मी तोक्योला आलो. भूकंप झाला नसता तर मला जपान दिसलंच नसतं, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. माझे वडील बाजार समितीत मापाडी होते. आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेला मी पहिला. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाठांतराचं. पुण्याच्या कंपनीत ज्यांचं इंग्रजी चांगलं होतं त्यांनी त्या वर्षी जपानला जायला नकार दिला, तेव्हा यादीत खाली उतरत उतरत साहेब माझ्यापर्यंत पोचले. आई म्हणाली, "तिकडं जमीन हलती म्हणं." वडील म्हणाले, "किल्लारीच्या वेळी आपलीबी हललीच की. जाऊ दे त्याला." मी गेलो.

कोतो भागातल्या एका अकरा मजली इमारतीत कंपनीने खोली दिली. पहिल्याच आठवड्यात, सकाळी साडेसातला दारावर थाप पडली. दार उघडलं तर समोर एक उंच, हाडकुळी गोरी बाई. पांढरे केस पोरासारखे कापलेले, अंगात पुरुषी रेनकोट, पायात रबरी बूट, आणि हातात माझ्या कचऱ्याची पिशवी. पिशवीवर कचरागाडीवाल्यांनी नाकारल्याची लाल चिठ्ठी चिकटवलेली.

"ही तुझी नाही ना?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"येस," मी म्हणालो.

"येस म्हणजे तुझी आहे, की येस म्हणजे तुझी नाही?"

मला म्हणायचं होतं, हो, बरोबर, माझी नाही. शिवाय तेही खोटंच होतं. त्यांनी माझ्यासमोर पिशवीची गाठ सोडली आणि आतून एक तेलकट कागद काढला. आईने शेंगदाण्याची चटणी ज्यात बांधून दिली होती तो मराठी वर्तमानपत्राचा तुकडा.

"या मजल्यावर ही लिपी वाचणारा दुसरा कोण आहे?"

मी मान खाली घातली.

"काय लिहिलंय?"

"सेलूत पाणीपुरवठा विस्कळीत."

"सेलू कोण?"

"माझं गाव."

"अरे देवा. मग आलं का पाणी?"

त्या खरंच काळजीने विचारत होत्या. मग त्यांनी माझ्या दारात बसून पिशवी रिकामी केली आणि जळणारा कचरा कुठला, न जळणारा कुठला, काचेला कुठला वार, हे मला अर्ध्या तासात शिकवलं. मी ऑफिसला उशिरा पोचलो. पण त्यानंतर माझी पिशवी कधी परत आली नाही. आणि पुढची कित्येक वर्षं जिन्यात भेटल्या की त्या आधी विचारायच्या, "सेलूला पाणी आलं का?" आमच्या नगरपालिकेची इतकी विचारपूस सेलूतसुद्धा कुणी करत नसेल.

इमारतीतल्या मराठी बायका त्यांना मोरीबाई म्हणत आणि तोंडाला पदर लावून हसत. जपानीत मोरी म्हणजे झाडी, रान. पण मराठी कानाला ती भांडी घासायची मोरीच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वैशालीवहिनींनी हे नाव पाडलं होतं आणि ते बाईंना कळू नये म्हणून सगळ्या जपत होत्या. ते मीच एकदा बोलून गेलो. त्यांनी अर्थ विचारला, तेव्हा मला खोटं सुचलं नाही.

"घरातली धुण्याभांड्याची जागा. सगळं सांडपाणी तिथून जातं."

त्या इतक्या हसल्या की भिंतीला टेकल्या. "म्हणजे सगळ्यांची घाण वाहून नेणारी! अरे, या इमारतीच्या कचऱ्याची प्रमुख मीच नाही का?" मग डोळे पुसत म्हणाल्या, "आणि तुला माहीत आहे का, जपानीत 'दत्ता' म्हणजे काय? 'होता.' तू ऑफिसात रोज उठून सांगतोस, मी होता आहे."

ऑफिसात माझी ओळख करून देताना सगळे खाली का बघतात, ते मला त्या दिवशी कळलं.

"मी मोरी आणि तू होता," त्या म्हणाल्या. "आपण एकमेकांची ओळख कुणाला करून देऊ नये हे बरं."

त्यांच्या आयुष्याची सगळी हकीगत मला माहीत नाही, आणि त्यांनी ती कधी सलग सांगितलीही नाही. कोबेच्या एका कॉन्व्हेंट शाळेत शिकवायला म्हणून बाविसाव्या वर्षी त्या जपानला आल्या. नन व्हायचा विचार होता. "देवाने माझ्याकडे बघितलं आणि विचार बदलला," असं त्या म्हणत. बंदरातल्या मोरी नावाच्या एका जहाज-मेकॅनिकशी त्यांनी लग्न केलं. मूल नव्हतं. मोरी-सान, म्हणजे मोरीसाहेब, भूकंपाच्या आधीच गेले होते. तो रेनकोट त्यांचाच. बाह्या लांब होत्या, पण बाईंनी त्या कधी कापून घेतल्या नाहीत, दुमडून घालायच्या.

चहा मात्र त्यांना आपल्यासारखा लागे. काळाकुट्ट उकळलेला, भरपूर दुधाचा. "चाळीस वर्षं मी या देशात गवताचं पाणी प्याले," असं म्हणून त्या वैशालीवहिनींच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसायच्या. एका संकष्टीला त्या अशाच आल्या. वहिनींचा उपवास होता आणि ताटात जिरं-मिरचीची बटाट्याची भाजी होती.

"हे काय?" मोरीबाईंनी विचारलं.

"आज उपास आहे माझा. दिवसभर जेवायचं नाही," वहिनी म्हणाल्या.

"आणि हे?"

"हे बटाटे. उपासाला चालतात."

मोरीबाई ताटावर वाकल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "आमच्याकडे एकदा बटाटे कुजले आणि लाखो माणसं उपाशी मेली. जी उरली त्यातली कितीतरी जहाजात बसून देश सोडून गेली. आणि तुम्ही उपाशी राहायचं म्हणून बटाटे खाता?"

 वहिनी चाचरत म्हणाल्या, "रताळंही चालतं."

मोरीबाईंनी ताट पुढे ओढलं. त्या दिवसापासून दर संकष्टीला त्या न चुकता उपवासाला यायच्या. धर्म बदलायला इतकं सोपं कारण आपल्याला कुणी आधी सांगितलं नाही, अशी त्यांची तक्रार होती. चंद्र दिसेपर्यंत थांबायचं असतं हे मात्र त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

भूकंपाच्या दिवसांतल्या मोरीबाई मी पाहिल्या नाहीत. त्या मला वहिनींनी सांगितल्या. लिफ्ट बंद, नळ कोरडे, आणि आमचा भाग भरावाच्या जमिनीवरचा, त्यामुळे रस्त्यांतून चिखल वर आलेला. मोरीबाई रोज जिने चढून प्रत्येक दार वाजवत. जपानी म्हाताऱ्यांची रीत अशी की आतूनच म्हणायचं, "दाइजोबु." म्हणजे ठीक आहे, काळजी नको. नवव्या मजल्यावरचे एक आजोबा सलग दोन दिवस आतून दाइजोबु म्हणाले. तिसऱ्या दिवशी आवाज आला नाही. दार उघडून बघितलं तर ते पलंगाजवळ खाली पडले होते. दोन दिवसांपासून. पाण्याचा थेंब नाही. वाचले, पण थोडक्यात.

"त्या दिवसापासून बाई चिडल्याच," वहिनी सांगत होत्या. "दारादारातून ओरडायच्या, 'दाइजोबु मला सांगू नका! पाणी आहे? जेवलात? उभं राहता येतं?' आणि समोरच्याने 'आहे', 'जेवलो', 'येतं' असं म्हटल्याशिवाय हलायच्या नाहीत. माझे हे तर घाबरून गेले. म्हणाले, बाईंचं डोकं फिरलं."

डोकं फिरलेलं नव्हतं. दर शनिवारी सकाळी त्या वॉर्डाच्या सभागृहात वर्ग घेत. त्यांच्याकडे खोली एकच, म्हणून एका बाजूला इंग्रजी शिकणारे निवृत्त जपानी आणि दुसऱ्या बाजूला जपानी शिकणाऱ्या आमच्या बायका. मी दोन्ही बाजूंना कच्चा, म्हणून मधे. फळ्यावर चार शब्द कायमचे खोडलेले असत : इंग्रजीतला येस आणि नो, जपानीतला हाय आणि ईए. हो-नाही बंदी. प्रश्नाला क्रियापदानेच उत्तर द्यायचं. एक निवृत्त पोस्टमन सवयीने 'हाय' म्हणाले की बाई हातातला खडू त्यांच्यासमोर ठेवत आणि ते निमूटपणे उठून फळ्यावर तो शब्द पुन्हा खोडत.

"हे कशासाठी?" मी एकदा विचारलं.

"माझ्या आजीच्या भाषेत हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं," त्या म्हणाल्या. "शाळेत जाईपर्यंत मी इंग्रजी ऐकलं नव्हतं. घरात आम्ही आयरिशच बोलायचो. 'दार लावलंस का?' तर उत्तर 'लावलं' किंवा 'लावलं नाही'. मधलं काही नाही."

मी चकित होऊन म्हणालो, "आमच्याकडेही आई विचारते, जेवलास का? तर आम्ही म्हणतो, जेवलो."

"हो म्हणत नाही?"

"म्हणतो कधी कधी. पण मग आई पुन्हा विचारते."

"शहाणी बाई आहे," त्या म्हणाल्या.

"आणि आमच्या सेलूकडे 'आहे'ला 'हाय' म्हणतात. पाणी हाय का? हाय."

त्यांनी खडू खाली ठेवला. "म्हणजे हे जपानी लोक गेली हजार वर्षं सेलूचं क्रियापद वापरताहेत आणि मी ते खोडते आहे?" पोस्टमनांना त्यांनी ते समजावून सांगितलं. त्यानंतर मला बघितलं की पोस्टमन मोठ्याने 'हाय' म्हणायचे आणि बाईंना सांगायचे, मी मराठी बोलतोय.

इथवर मला ही सगळी गंमतच वाटत होती. मग माझ्या नोकरीवर बेतलं.

आम्ही एका मोठ्या गोदामासाठी सॉफ्टवेअर बनवत होतो. माल आला, गेला, परत आला, याची नोंद ठेवणारं. जपानी बाजूचे प्रमुख कुरोदा-सान. पुण्याहून आमचे मॅनेजर फोनवर असायचे, आणि बैठकीचे मिनिट्स तेच लिहायचे. एका बैठकीत कुरोदा-सान यांनी मला इंग्रजीत विचारलं, "परत आलेल्या मालाच्या नोंदीची टेस्ट अजून झालेली नाही ना?" मी म्हणालो, "येस." माझ्या मनात मराठी वाक्य होतं : हो, झालेली नाही. कुरोदा-साननाही ते तसंच कळलं, कारण जपानीतही अगदी असंच बोलतात. त्यांनी मान हलवली आणि पुढचा विषय घेतला. पण पुण्याचे मॅनेजर लहानपणापासून इंग्रजी शाळेत शिकलेले. त्यांनी इंग्रजी कानाने ऐकलं आणि लिहिलं : टेस्ट पूर्ण.

सॉफ्टवेअर तसंच गोदामात चालू झालं. पहिल्याच सोमवारी परत आलेला माल दोन-दोनदा नोंदला गेला आणि दिवसभर गोदामातून एक खोकं बाहेर पडू शकलं नाही. पुण्याहून निरोप आला की दत्ताने येस म्हटलं होतं, आणि महिनाअखेर त्याला परत बोलावण्यात येत आहे.

आमच्या गल्लीत मी जपानला गेल्याचे पेढे वाटले होते. सहा महिन्यांत परत येणाऱ्या मुलाला गल्ली काय म्हणते, ते मला माहीत होतं.

मी मोरीबाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या. हसता हसता म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. कुरोदांचं बरोबर आहे. दोघांना एकमेकांचं नीट कळलं. मधे इंग्रजी आलं आणि चुकलं!"

मला मोठा आधार वाटला. म्हणालो, "मी उद्या कुरोदा-सानना हेच सांगतो. चूक भाषेची आहे."

"सांग," त्या म्हणाल्या. चहा ओतला. मग सहज विचारलं, "ते मिनिट्स तुला आले होते का?"

"हो, म्हणजे सगळ्यांनाच..."

"हो नको. आले होते?"

"आले होते."

"वाचलेस?"

"वाचले."

"चूक दिसली?"

मी कप खाली ठेवला.  

"दिसली," मी म्हणालो.

"कळवलंस?"

खरं असं होतं की त्या संध्याकाळीच मला ते वाक्य दिसलं होतं. साहेबांची चूक आपण कशी काढायची, असं वाटलं. इंग्रजीतला ईमेल पुन्हा चुकेल, असं वाटलं. दोन दिवसांत टेस्ट उरकून टाकू म्हणजे कुणाला कळणारच नाही, असं वाटलं. दोन दिवसांत ती उरकली नाही.

"कळवलं नाही."

"मग उद्या हे सांग," त्या म्हणाल्या. "ते भाषेचं सांगू नकोस. ते गमतीचं आहे. लोक हसतील आणि तू सुटशील. 'हो'मध्ये माणसाला लपता येतं, दत्ता. 'कळवलं नाही'मध्ये कुठे लपशील?"

दुसऱ्या दिवशी कुरोदा-सान यांच्या टेबलासमोर उभा राहून मी मोडक्या जपानीत तीन वाक्यं बोललो. मिनिट्स वाचले. चूक दिसली. कळवलं नाही.  मग त्यांनी आपला चष्मा काढला.

"दत्ता-सान, मीही वाचले होते," ते म्हणाले. "मीही कळवलं नाही. तुमच्या मॅनेजरांना सगळ्यांसमोर कमीपणा आला असता."

त्यांनी पुण्याला काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. मला परत बोलावलं गेलं नाही. पुढे आमच्या बैठकांत एक पद्धत पडली : शेवटी प्रत्येकाने आपापलं काम एका पूर्ण वाक्यात सांगायचं, झालं किंवा झालं नाही. आज नागोयात माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. तिथेही हेच चालतं. नव्या पोरांना वाटतं ही जपानी शिस्त आहे. मी त्यांना सांगतो, ही आयर्लंडच्या एका म्हातारीची आजीकडून आलेली शिस्त आहे. त्यांचा विश्वास बसत नाही.

बाईंचा स्वतःचा हिशेब मला दुसऱ्या हिवाळ्यात कळला. शनिवारचा वर्ग संपवून मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्या बटाटे सोलत होत्या. मी बसलो, आणि त्या सोलता सोलताच म्हणाल्या, "मॉरीन गेली. काल फोन आला."

मी उठायला लागलो. त्या म्हणाल्या, "बस. सोल."

मी दुसरी सुरी घेतली. मग त्यांनी एका दमात सांगितलं. भूकंपानंतर मॉरीनचे रोज फोन येत. तिकडे टीव्हीवर अणुभट्टीच्या बातम्या, आणि ती रडून म्हणायची, घरी ये. चौथ्या का पाचव्या दिवशी फोन आला तेव्हा मोरीबाई दारात उभ्या होत्या, हातात पाण्याचे दोन कॅन, आणि त्याच क्षणी नवव्या मजल्यावरचे ते आजोबा खाली पडलेले सापडले होते. मॉरीनने विचारलं, "तू येते आहेस ना?" या म्हणाल्या, "येस, येस," आणि फोन ठेवला.

"मला फक्त फोन ठेवायचा होता," त्या म्हणाल्या.

मॉरीनने, हे बाईंना पुढे गावाकडून कळलं, त्याच दिवशी बस पकडली. गावापासून विमानतळ चार तास. बहीण घाईत, मिळेल त्या कपड्यांत निघाली असेल म्हणून तिने सोबत एक जाड कोट घेतला. लंडनहून येणारं प्रत्येक विमान तिने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी ती परत गेली. त्यानंतर तिने मोरीबाईंचा फोन कधी उचलला नाही. यांनी पत्रं लिहिली. त्यांना उत्तर आलं नाही.

"तिने आमच्या भाषेत विचारलं असतं ना," मोरीबाई म्हणाल्या, "तर मला 'येते' म्हणावं लागलं असतं, नाहीतर 'येत नाही'. 'येते' माझ्या तोंडातून निघालं नसतं. तिने इंग्रजीत विचारलं. फोनवर आम्ही इंग्रजीच बोलायचो, शहाण्या झालो होतो."

त्या रडल्या नाहीत. बटाटे जास्त सोलले गेले होते. आम्ही ते वैशालीवहिनींकडे नेऊन दिले. ती संकष्टी नव्हती, पण वहिनींनी काही विचारलं नाही.

पुढे माझं लग्न झालं, सुनंदा आली, मुलगी झाली. मुलगी तीन वर्षांची असताना नागोयाची बदली आली. निघायच्या सकाळी मोरीबाई खाली कचऱ्याच्या जागेजवळ उभ्या होत्या. कचरा नेणारी गाडी नुकतीच गेली होती. त्या कावळ्यांनी फोडू नयेत म्हणून पिशव्यांवर टाकायची निळी जाळी झटकत होत्या.

"येत जा," त्या म्हणाल्या.

"हो, हो, नक्की," मी म्हणालो. "नागोया काय, दोन तास."

म्हणून झालं आणि माझं मलाच कळलं. मला वाटलं, आता रागावतील, क्रियापद विचारतील. त्यांनी विचारलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला दुरुस्त केलं नाही. मुलीच्या जाकिटाची कॉलर सरळ केली, म्हणाल्या, "गाडीत जेवून घ्या," आणि जाळीची घडी घालायला वळल्या. टॅक्सी वळेपर्यंत मला त्यांची पाठ आणि रेनकोटच्या दुमडलेल्या बाह्या दिसत होत्या.

त्याला पाच वर्षं झाली. मधे त्या पडल्या, मांडीचं हाड मोडलं, वृद्धाश्रमात गेल्या. मी फोन केले, नवीन वर्षाची कार्डं पाठवली. अडचणी होत्या, असं मी लिहिणार होतो. अडचणी नव्हत्या. मी गेलो नाही.

पत्राचं उत्तर मी काल टाकलं. इंग्रजीत लिहिलं होतं, इथे मराठीत उतरवतो.

मोरीबाई,

तुमचं पत्र मिळालं. आठ दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण आधी कामं करायची होती आणि मग लिहायचं होतं.

जूनमध्ये दोन आठवड्यांची रजा मागितली. मिळाली. सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "जा. पण इतकी वर्षं काय करत होतात?" त्याला मी उत्तर दिलं नाही.

तुमच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. चाकांची खुर्ची, औषधं, विमानात किती वेळाने उठून चालायचं, ही यादी त्यांनी पाठवली. वाचली. दोन गोष्टी कळल्या नाहीत, त्या पुन्हा विचारल्या.

भारतीय माणसाला आयर्लंडचा व्हिसा लागतो. अर्ज केला. व्हिसा अजून मिळालेला नाही, म्हणून आयर्लंडला 'येतो' असं मी आज लिहीत नाही. ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी फोन करतो. नाकारला, तर त्याच दिवशी तेही कळवतो आणि पुन्हा अर्ज करतो.

नागोयाला येताना मी तुम्हाला हो म्हणालो होतो. पाच वर्षांत आलो नाही. त्याची कारणं लिहून पाहिली आणि खोडली.

या शनिवारी येतो आहे. तिकीट काढलं आहे. सकाळी सातला निघतो, अकराला तुमच्या स्टेशनवर उतरतो, तिथून बस घेतो. मुलगी बरोबर येते आहे. ती आता आमच्याशीही जपानीतच बोलते, तुमच्याशीही तसंच बोलेल. तिला तुम्ही आठवत नाही, पण तुमच्याबद्दल तिला सगळं सांगितलं आहे.

बसस्टॉपवर येऊन उभ्या राहू नका. तिथे समुद्राचा वारा असतो. खोलीत बसा, चहाही करू नका. गाडीला उशीर झाला तरी मी पोचतो.

दत्ता